किल्लीला हात लावू नकोस!

तुमच्या गाडीची इन्शुरन्स पॉलिसी तुम्ही वाचलीय? पूर्ण? खरं सांगा. मीही वाचली नव्हती. शोरूममधल्या मुलाने बोट ठेवलं तिथे सह्या केल्या, पेढा खाल्ला आणि नवी कोरी वॅगन आर घेऊन थेट सारसबागेच्या गणपतीला गेले.

चौथ्या वर्षी हिशोब चुकता झाला. २५ जुलै २०२४. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पहाटे सिंहगड रोडवरच्या सोसायट्यांमध्ये नदी शिरली. आमच्या पार्किंगमध्ये गाडी सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा, क्लेमसाठी दोन दाबा, मग बावीस मिनिटं सतार. शेवटी एक गोड आवाज : ‘मॅडम, एकदा गाडी स्टार्ट करून बघता का? म्हणजे तसं नोट करता येईल.’

किल्ली हातात होती. दार उघडलं, तेवढ्यात बाबांचा फोन. २६ जुलै २००५ला ते कुर्ल्यात अडकले होते. पाणी उतरल्यावर त्यांनी मारुतीला सेल्फ मारला आणि इंजिन गेलं. ते बिल आईला अजून पाठ आहे! ‘किल्लीला हात लावू नकोस,’ एवढंच ते ओरडले.

फंडा सिंपल आहे. इंजिनात पाणी शिरलेलं असताना सेल्फ मारला की पिस्टन ते पाणी दाबायला जातो. पाणी काही दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी कंपनी म्हणते, हे नुकसान पुराने नाही, तुम्ही गाडी चालू केल्याने झालं. साध्या पॉलिसीत ते बसत नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं. मी अर्थातच घेतलं नव्हतं.

सहाव्या दिवशी सर्व्हेअर आले. फोटो काढले, कागद चाळले आणि म्हणाले, ‘तुम्हाला स्टार्ट करायला सांगितल्याची नोंद आहे. केली असणारच.’ घ्या! सल्ला त्यांचा आणि संशय माझ्यावर. इंजिनाच्या साफसफाईचे पैसे अडकले. मग मीही हट्टाला पेटले. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला : कॉलची तारीख, वेळ, ‘रेकॉर्डिंग ऐका’ आणि सोबत रॉड सरळ असल्याचं गॅरेजचं पत्र. एकोणिसाव्या दिवशी क्लेम पास झाला. नसता झाला, तर विमा लोकपालांकडे जाणार होते. कंपनीकडून महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर तिथे जाता येतं. फी नाही, वकीलही लागत नाही आणि पुण्यातच ऑफिस आहे.

पास झाला म्हणजे पूर्ण मिळाला असं समजू नका हं. रबर, नायलॉन, प्लास्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के. वर सक्तीचे हजार रुपये आपल्या खिशातून. ४,८०० रुपयांच्या बॅटरीचे माझ्या हातात २,४०० आले. ‘झीरो डेप’ घेतलं असतं तर घसाऱ्याची कात्री बरीच कमी लागली असती, पण तेव्हा त्या पैशांत मी सीट कव्हर्स घेतली होती. ती पुरात गेली. तीन वर्षं जपलेला ३५ टक्क्यांचा नो क्लेम बोनसही रिन्यूअलला शून्य.

चार दिवसांनी फीडबॅकचा फोन आला. एक ते पाचमध्ये किती मार्क द्याल? मी म्हटलं, मार्क देते, पण आधी सांग, पाण्यात बुडालेली गाडी स्टार्ट करायला अजूनही सांगता का रे?

मुलगा दोन सेकंद गप्प. मग हळूच म्हणाला, ‘मॅडम, स्क्रिप्टमध्ये तेच लिहिलंय.’