महसूल मोजणाऱ्यांनो, मेंदूही मोजा!

दारूबंदी राबवता आली नाही म्हणून दारूच मोकळी करणे हा राज्यकारभार नव्हे, ही शरणागती आहे! २७ मे २०२१ रोजी महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने चंद्रपूर जिल्ह्याची दारूबंदी उठवली. कारण काय दिले? अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, बायकापोरे या धंद्यात ओढली गेली. अहो, ती दारू अडवायचे काम कुणाचे होते? पोलीस आणि उत्पादन शुल्क खाते कुणाच्या हाताखाली होते? आपणच कायदा लुळा ठेवायचा आणि आपणच त्याला नालायक ठरवायचे, हा कुठला न्याय?

१ एप्रिल २०१५ ला लागू झालेली ती बंदी कुणा मंत्र्याची मेहेरबानी नव्हती. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गार या संघटनेच्या पारोमिता गोस्वामींसोबत हजारो बाया चिमूरहून विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनावर पायी चालून गेल्या होत्या. त्यांची पायपीट एका बैठकीत मातीमोल केली!

दुकाने उघडताना पिणाऱ्याच्या मेंदूचा हिशेब कुणी केला? वर्षानुवर्षे पिणाऱ्याचे जेवण तुटते आणि शरीरातले ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपते. मग वेर्निकेचा आजार गाठतो: डोळे नीट फिरत नाहीत, चालताना तोल जातो, भान सुटते. तिथेही उपचार चुकला तर कोर्साकॉफचा विस्मरणरोग जडतो. सकाळचे दुपारी आठवत नाही. आठवणींतली भगदाडे मेंदू न घडलेल्या गोष्टींनी बुजवतो. १९०३ मध्ये इटलीत मार्क्याफाव्हा आणि बिन्यामी यांनी याहून दुर्मीळ आजार नोंदवला. त्यात मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारे तंतूच नासतात.

दुर्मीळ म्हणून खांदे उडवू नका! वेर्निकेचा आजार जिवंतपणी ओळखला जातो त्यापेक्षा शवविच्छेदनात जास्त सापडतो. कारण झिंगलेला आणि मेंदू नासत चाललेला, दोघेही वरून सारखेच दिसतात. ‘प्याला आहे, पडू द्या’ म्हणून जो टाकून दिला जातो, त्याला त्या क्षणी थायमिनचे इंजेक्शन हवे असते. त्याआधी नुसते ग्लुकोजचे सलाइन चढवले तर आजार बळावू शकतो. हे औषध स्वस्त आहे. महाग आहे ती बेपर्वाई!

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून मुक्तिपथ ही व्यसनमुक्तीची मोहीम गावोगावी झटते आहे. आणि वैनगंगेच्या अलीकडे, चंद्रपुरात, सरकार परवाने वाटते! एका काठावर गुन्हा आणि दुसऱ्या काठावर महसूल, हे धोरण नव्हे, ढोंग आहे.

म्हणून आमची मागणी रोखठोक आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात थायमिनची इंजेक्शने कायम असलीच पाहिजेत. दारूच्या प्रत्येक रुग्णाचे डोळे, चाल आणि भान तपासलेच पाहिजे. आणि चंद्रपूरची दारूबंदी परत आणा, या वेळी राबवण्यासाठी! मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करा, असे संविधानाचे ४७वे कलम राज्याला सांगते. माणसांची बुद्धी विकून तिजोरी भरा, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही.