आधी मदरबोर्ड पाहा, मग प्रोसेसर घ्या

पांढरकवड्यातील आमच्या परिचयाचे एक गृहस्थ मालट्रक चालवतात. नागपूर-हैदराबाद मार्गावर त्यांची नेहमी ये-जा असते. त्यांच्या मुलाचा संगणक २०१७ साली घेतलेला, रायझन ३ १२०० प्रोसेसरचा. त्यावर 'व्हॅलोरंट' आणि 'काउंटर स्ट्राइक २' हे खेळ अडखळत चालतात, अशी मुलाची तक्रार. वडिलांनी नागपुरात चौकशी केली तेव्हा दुकानदाराने सांगितले, 'हे सगळे जुने झाले, आता पूर्ण सेटच बदलावा लागेल.' प्रोसेसर, मदरबोर्ड आणि मेमरी मिळून आलेला आकडा त्यांच्या ट्रकच्या दोन टायरांएवढा होता. ते आमच्याकडे आले ते हा खर्च खरोखर आवश्यक आहे काय, हे विचारायला.

आमच्या मते तो आवश्यक नव्हता. आमच्या भागातील अनेक पालकांची याच ठिकाणी फसगत होते, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत.

पहिली गोष्ट, दोष प्रोसेसरचाच आहे काय, हे घरबसल्या तपासता येते. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० करावा आणि प्रत्येक सेकंदाला किती चित्रे पडतात तो आकडा पाहावा. आकडा चांगला वाढला तर ग्राफिक्स कार्ड कमी पडत आहे, प्रोसेसरवर पैसे घालू नयेत. आकडा जागचा हलला नाही तर बहुधा प्रोसेसर थकला आहे. या मुलाच्या बाबतीत आकडा हलला नाही. वरील दोन्ही खेळ तसे प्रोसेसरवरच अधिक भार टाकणारे आहेत आणि १२०० मध्ये चार कोअर, चारच थ्रेड. शिवाय मेमरीची ८ जीबीची एकच पट्टी लावलेली होती. दोन पट्ट्या जोडीने लावल्या तर प्रोसेसरला माहिती दुप्पट रुंद रस्त्याने मिळते. हे काम प्रोसेसरपेक्षा कमी खर्चाचे, पण विक्रेते ते क्वचितच सुचवतात.

दुसरी गोष्ट मदरबोर्डची. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. १९९० च्या दशकात ज्यांनी संगणक घेतले त्यांना आठवत असेल, सॉकेट ७ वर इंटेलचा पेंटियमही बसे, एएमडीचा के६ ही बसे आणि सायरिक्सचाही बसे. ते दिवस गेले. इंटेलने तर २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले तेव्हा सॉकेटच्या पिनांची संख्या तीच, ११५१ ठेवली, पण सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डांवर ते चालू दिले नाहीत. ज्यांच्याकडे सहाव्या पिढीचा आय५ आहे त्यांना वर चढायला फारशी जागा नाही. आठव्या पिढीचा आय३ असेल तर त्याच बोर्डावर जुना आय७ ८७०० शोधता येतो.

एएमडीने मात्र एएम४ हे सॉकेट बरीच वर्षे चालवले. २०१७ च्या बोर्डावर २०२२ चा प्रोसेसर बसतो. त्यासाठी लागणारी मोकळीक कंपनीने २०२२ मध्येच दिली. म्हणून आम्ही या गृहस्थांना रायझन ५ ५६०० सुचवला. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, आणि पंखा खोक्यातच मिळतो. ५५०० थोडा स्वस्त पडतो, पण त्यात कॅशे मेमरी निम्मी, म्हणजे ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि खेळांना कॅशेची भूक फार. थोड्या बचतीसाठी ५५०० घेऊ नये. ५७००एक्स३डी हा ९६ एमबी कॅशेचा प्रोसेसर उत्तम, पण साध्या ग्राफिक्स कार्डासोबत तो लावणे म्हणजे बैलगाडीला ट्रकचे इंजिन.

नवे सॉकेट एएम५ घ्यावे, पुढे कामाला येईल, असा युक्तिवाद केला जातो. तो खोटा नाही. परंतु त्याला डीडीआर५ मेमरीच लागते, आणि २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मागणी वाढवल्यामुळे जगभर मेमरीचे भाव भडकले. पदरी असलेली डीडीआर४ पट्टी टाकून देण्याची ही वेळ नव्हे. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या यादीत रायझन १२०० नाही, ५६०० आहे. एका खर्चात दोन अडचणी सुटतात.

आता आमच्या गावचे दोन धोके. जुन्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून आधी बायॉस अद्ययावत करावे लागते, आणि तेही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. या कामाच्या मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. पांढरकवड्यात वीज केव्हा जाईल हे कोणी सांगावे? यूपीएस किंवा इन्व्हर्टर असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये. दुसरा धोका उन्हाळ्याचा आणि कापसाच्या रुव्याचा. मे महिन्यात खोलीच तापलेली असते, त्यात पंख्याच्या पात्यांत रुवा अडकला की प्रोसेसर नव्वद अंशांच्या आसपास जाऊन स्वतःच वेग कमी करतो. कित्येकदा 'संगणक जुना झाला' म्हणतात तो केवळ तुंबलेला असतो. ब्रशने साफ करून नवी थर्मल पेस्ट लावा, मग पुन्हा मोजा.

खरेदी कुठे करावी? नागपूर जवळ, सिकंदराबादचा बाजार मोठा, ऑनलाइन भाव बहुधा कमी. कुठेही घ्या, पण बिलावर प्रोसेसरचा क्रमांक लिहून घ्या आणि तो खोक्यातला आहे की सुटा, म्हणजे ट्रे, हे विचारा. सुट्या प्रोसेसरची हमी कंपनी देत नाही, विक्रेत्याच्या शब्दावर राहावे लागते. वापरलेला इंटेल घेताना तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांपासून सावध राहावे. त्यांतील काही अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीनेच मान्य केले आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. वापरलेला एएम४ घेताना उलटा करून पिना उजेडात पाहाव्यात, कारण त्या बोर्डावर नसून प्रोसेसरच्या पोटाशी असतात.

आमच्या गृहस्थांनी ५६०० आणि मेमरीची आणखी एक पट्टी घेतली. जुना १२०० काढताना मुलाला एवढेच बजावले होते की संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट मऊ होऊ दे, मग पंखा सरळ न ओढता हलकेच फिरवून काढ, नाहीतर प्रोसेसर पंख्याला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. त्याने तसेच केले. जुना प्रोसेसर आता विक्रीला आहे.