आरोग्य-चिंतन : ताप उतरला, तरी हृदय तपासावे

१९६१ साली तोकियोतील बालरोगतज्ज्ञ डॉ. तोमिसाकू कावासाकी यांच्यासमोर चार वर्षांचा एक रुग्ण आला. दीर्घ ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, अंगावर पुरळ. आजार ओळखीच्या कोणत्याच नावात बसेना. अशा ५० बालकांची नोंद त्यांनी १९६७ साली प्रसिद्ध केली. हा ताप आपोआप उतरतो, म्हणून तो प्रथम निरुपद्रवी वाटला. पुढे उमगले की, तो जाताना काही बालकांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत दाह ठेवून जातो. धमनीला फुगवटा येतो, त्यात रक्ताची गुठळी होते आणि कोवळ्या वयात हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. यात तूप-तेलाचा वा मातेच्या संगोपनाचा दोष नसतो.

मार्ग अरुंद होऊन हृदयाला रक्त अपुरे पडू लागले, तर काही बालकांवर बायपास शस्त्रक्रिया करावी लागते. जपानचे शल्यविशारद डॉ. सोइचिरो कितामुरा यांचे या क्षेत्रातील कार्य पायाभूत मानले जाते. आरंभी पायातील शीर वापरली जाई. परंतु ती कालांतराने बंद पडण्याचा संभव अधिक. त्यानंतर छातीच्या आतील बाजूची धमनी जोडण्यात येऊ लागली. ही धमनी जिवंत राहते आणि बालकासोबत वाढते. म्हणूनच लहानग्यांसाठी तीच श्रेयस्कर ठरली.

तथापि शस्त्रक्रियेची वेळच येऊ नये, हे अधिक हिताचे. उपचाराविना सुमारे २५ टक्के बालकांच्या धमन्यांना इजा होते; पहिल्या १० दिवसांत इम्युनोग्लोबुलिन शिरेवाटे दिल्यास हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येते. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून तयार होते. आपल्या परंपरेने गौरविलेल्या औषधदानाचे हे आधुनिक रूपच होय.

येथे दिवसांची मोजणी निर्णायक ठरते. व्यापारी कुटुंबात जमाखर्चाची तारीख चुकत नाही. तद्वत ताप आल्याची पहिली तारीखही लिहून ठेवावी. पाच वर्षांखालील बालकाचा ताप पाच दिवस टिकला, सोबत डोळे-ओठ लाल झाले, हातपाय सुजले, तर ‘गोवर असेल’ म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना कावासाकी आजाराविषयी स्पष्ट विचारावे. ताप उतरल्यावरही त्यांनी सांगितलेली हृदयाची सोनोग्राफी टाळू नये. अपत्याच्या आयुष्याचे रक्षण हा गृहस्थधर्मच आहे.