वडिलांचं अपहरण झालेलं असतानाही जॉन ओबी मिकेल वर्ल्ड कपची मॅच का खेळला?

२६ जून २०१८. रशियातल्या वर्ल्ड कपमध्ये नायजेरियासमोर मेस्सीची अर्जेंटिना होती. मॅचला चार तास उरले असताना कॅप्टन जॉन ओबी मिकेलला कळलं, की मायदेशी त्याच्या वडिलांचं अपहरण झालंय. पोलिसांना सांगितलं तर गोळी घालू, अशी धमकी होती. मिकेलने कोचलाही काही सांगितलं नाही आणि तो खेळला. देशाला ऐनवेळी तोंडघशी पाडायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. नायजेरिया २-१ ने हरली. आठवड्याभरात पोलिसांनी वडिलांना सोडवलं.

विशेष म्हणजे, २०११ मध्येही त्यांचं अपहरण झालं होतं.

असं का? नायजेरियात खंडणीसाठी माणसं पळवणं हा धंदाच झालाय. चेल्सीकडून २०१२ ची चॅम्पियन्स लीग आणि नायजेरियाकडून २०१३ चा आफ्रिका कप जिंकणारा मिकेल स्वतः परदेशात सुरक्षित होता. आईवडील मात्र गावीच राहायचे, तिथल्याच रस्त्यांवरून प्रवास करायचे. मुलाकडे पैसा आहे, हे अपहरणकर्त्यांना पक्कं ठाऊक होतं.

थोडक्यात, प्रसिद्धी मुलाला मिळाली, पण तिची किंमत दोनदा वडिलांनी मोजली.