जुना ट्रॅक्टर घेताना आधी पायाखाली पाहा



बाजारात बैल घ्यायचा झाला तर आपण काय पाहतो? दात पाहतो, खूर पाहतो, मानेवर हात फिरवून खांदा पाहतो. व्यापारी सांगत असतो, "घरचा आहे, हलक्या कामाचा आहे." पण मानेवर पडलेला घट्टा काही व्यापाऱ्याला विचारून आलेला नसतो. शिंगे तासून हिंगूळ लावला म्हणून झिजलेले दात परत येत नाहीत, हे आपल्याला आज्या-पणज्यांपासून ठाऊक आहे. तीच चतुर माणसे जुना ट्रॅक्टर घ्यायला गेली म्हणजे मात्र बॉनेटच्या रंगाला भुलतात, मीटरवरचा आकडा वाचतात आणि विसार देऊन मोकळी होतात.

नवा ट्रॅक्टर पाच-दहा एकरांच्या धन्याला झेपत नाही, म्हणून जुन्याकडे वळणे यात गैर काही नाही. पण त्यासाठी सोसायटीचे कर्ज, घरातले सोने आणि एखाद्या वर्षाचे सगळे पीक एकत्र जाते. म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे. इंजिन, गिअरपेटी, हायड्रोलिक यांची परीक्षा जाणत्या मिस्त्रीनेच करावी. तिच्यात मी शिरत नाही. मिस्त्रीला बोलावण्याआधी घरातल्या कोणालाही करता येईल अशी एक परीक्षा आहे. चालकाच्या जागेवर बसा आणि हात-पाय जिथे जिथे टेकतात तिथली झीज वाचा. ट्रॅक्टरने किती काम केले त्यापेक्षा कोणते काम केले, हे तिथे लिहिलेले असते.

आधी त्या मीटरविषयी. जुन्या धाटणीच्या बऱ्याच ट्रॅक्टरांवर तासांचा मीटर इंजिनापासून आलेल्या केबलवर चालतो. तो घड्याळ पाहत नाही, इंजिनाचे फेरे मोजतो. ठरवून दिलेल्या वेगाने इंजिन चालले तरच त्याचा तास आणि आपला तास एक होतो. इंजिन सावकाश चालले तर त्याचा तास लांबतो. केबल तुटली आणि मालकाने दोन हंगाम बदलली नाही, तर तेवढे काम त्याच्या वहीत चढतच नाही. तेव्हा आकडा वाचावा, पण तो अंदाजाशी ताडून पाहावा. नांगरटीला एकरी अडीच तास, रोटाव्हेटरला दीड तास, पेरणी-कोळपणी मिळून दोन तास धरा. दहा एकरांचे साठ तास झाले. दोन पिके धरली तर एकशेवीस. शेजाऱ्यापाजाऱ्यांची भाड्याची कामे धरून वर्षाला ३०० तास म्हणू. हाच ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीवर चार-पाच महिने रोज दहा तास चालला, तर एकाच हंगामात १२०० ते १५०० तास होतात. म्हणजे आठ वर्षांच्या ट्रॅक्टरवर २४०० तास दिसले तर ते घरच्या शेतीला शोभतात. उसाच्या ट्रॅक्टरला ते दोन हंगामांचे काम आहे. कृषी अभियांत्रिकीच्या हिशोबात ट्रॅक्टरचे आयुष्य १० वर्षे आणि वर्षाला १००० तास असे धरण्याचा प्रघात आहे. आता तुम्हीच पाहा, कोणाचे किती आयुष्य उरले.

मग हा ट्रॅक्टर शेतातला की रस्त्यावरचा, हे ओळखायचे कसे? खाली वाका आणि ब्रेकचे दोन पायटे पाहा. ट्रॅक्टरला उजव्या पायाशी दोन ब्रेक असतात, एक डाव्या चाकाचा आणि एक उजव्या चाकाचा. शेतात तासाच्या शेवटी बांधापाशी वळताना चालक आतल्या बाजूचा एकच ब्रेक दाबतो, म्हणजे ट्रॅक्टर थोड्या जागेत वळतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पायटे पट्टीने जोडून एकदम दाबायचे असतात. त्यामुळे शेतात वावरलेल्या ट्रॅक्टरचे दोन पायटे सहसा सारखे झिजत नाहीत. चालकाला ज्या बाजूने वळायची सवय, तो अधिक गुळगुळीत होतो. ट्रॉली ओढणाऱ्याचे दोन्ही पायटे सारखे झिजतात आणि त्यातही मधल्या, एकमेकांना लागून असलेल्या कडा जास्त, कारण पाय मध्यावर पडतो. जोडपट्टी कुठल्या स्थितीत गंजून बसली आहे तेही पाहा. ती मुळीच नसेल, तर ट्रॅक्टर घरी आणण्याआधी बसवून घ्या. भर रस्त्यात एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो आणि ट्रॉलीसकट उलटू शकतो.

दुसरी खूण रेसची. शेतात, विशेषतः रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र चालवताना, स्टेअरिंगजवळची हाताची रेस एका जागी लावून ठेवतात, म्हणून तिची मूठ चकचकीत होते. रस्त्यावर पायाची रेस लागते. पायाच्या रेसचे रबर टाचणीएवढेही उरलेले नाही, तिच्या भोवतालचा पत्रा टाचेने घासून पांढरा झाला आहे, हॉर्नचे बटण खोल गेले आहे आणि हाताच्या रेसवर कारखान्याचा रंग अजून शाबूत आहे. असा ट्रॅक्टर "फक्त घरच्या शेतीचा" असू शकत नाही. उलट, उजव्या हाताशी असलेली हायड्रोलिकची दांडी झिजून गुळगुळीत झाली असेल, तर औजार वर-खाली करण्याचे काम भरपूर झाले आहे. मग मागे जाऊन औजार जोडायच्या दोन्ही हातांची भोके पाहा. तीही लांबट झालेली सापडली तर दोन्ही साक्षी जुळल्या. तीच गोष्ट ट्रॉलीच्या हुकाची.

बैठकीचेही तसेच. नांगर मारणारा सारखा मागे वळून औजाराकडे पाहत असतो, त्याची गादी बहुधा एका कडेला दबते. रस्त्यावरचा सरळ बसतो. गादी नवी दिसली तर ती उचला. गादीखालच्या खोबणीत आणि हत्यारांच्या पेटीत जी धूळ साठते ती कोणी धूत नाही. तांबडी भुकटी असेल तर वीटभट्टी आठवावी, खरखरीत वाळू निघाली तर वाळूच्या खेपा. भंडारा-गोंदियाकडे भातात चिखलणी केलेला ट्रॅक्टर असेल, तर पायाखालचा पत्रा खालच्या अंगाने खाल्लेला असतो. अशा ट्रॅक्टरच्या ब्रेकमध्ये आणि मागच्या आसात पाणी गेले होते का, हे मिस्त्रीला आवर्जून पाहायला सांगा.

क्लचवर थोडे थांबतो, कारण खर्च तिथेच निघतो. क्लचच्या रबरावर पूर्ण पावलाची झीज असेल तर ते रोजच्या कामाचे आहे. पण फक्त पुढची कड, बोटांखालची, झिजली असेल तर चालकाला क्लचवर पाय ठेवून बसायची सवय होती असे समजावे. अशाने क्लच प्लेट आणि तिचे बेअरिंग दोन्ही लवकर जातात. हाताने पायटा दाबून पाहा. सुरुवातीला थोडी मोकळी चाल असली पाहिजे. अजिबात नसेल तर प्लेट बदलण्याचा खर्च किमतीतून वजा धरूनच बोलणी करा.

हे सगळे झाकता येते, असे तुम्ही म्हणाल. येतेच. पण झाकलेलेही दिसते. पायट्यांचे रबर कोरे आणि ते बसवलेल्या लोखंडाच्या कडा मात्र झिजून गोल झालेल्या, असे असले की कोरे रबरच बोलायला लागते. रंगाचा फवारा ग्रीसच्या निपलांवर, रबरी नळ्यांवर, वायरींवर उडालेला असेल तर तो रंग विक्रीसाठी मारला आहे. स्टेअरिंगला नवे वेष्टन घातले असेल तर ते थोडे सरकवून खालची कड चाचपा.

एका जोडप्याबरोबर मी असाच एक ट्रॅक्टर पाहायला गेलो होतो. मागणी तीन लाख साठ हजारांची, त्यासाठी बाईंच्या पाटल्या गहाण पडणार होत्या. मी पायटे दाखवत होतो आणि यजमान रंगाकडे पाहत होते. बाई दोन्ही मडगार्डांवरून हात फिरवीत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, ही भोकं कशाची बुजवलीत? भांड्याला झाळ द्यावी तशी लागतायत हाताला." दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर चार-चार भोके लांबी भरून वर रंग दिलेला होता. उसाच्या वाटेवर राहणाऱ्यांना सांगायला नको, कारखान्याच्या खेपा करणारे ट्रॅक्टर मडगार्डांवर स्पीकर बांधून रात्रभर गाणी वाजवीत जातात. विकणाऱ्याने मग कबूल केले, तीन हंगाम उसाला होता. तोवर तो "दहा एकरांच्या बाहेर गेलेला नाही" असे चालले होते. सौदा मोडला नाही. दोन लाख नव्वद हजारांवर तुटला आणि उरलेल्या सत्तर हजारांतून क्लच, ब्रेक आणि पुढच्या आसाचे काम झाले.

यातून माझे मत असे की उसाचा ट्रॅक्टर म्हणजे टाकाऊ असे मुळीच नाही. वेळच्या वेळी तेल बदललेला, एकाच चालकाच्या हातचा रस्त्यावरचा ट्रॅक्टर, उकिरड्याशेजारी उघड्यावर उभ्या ठेवलेल्या कमी तासांच्या ट्रॅक्टरपेक्षा मी कधीही पसंत करीन. झिजलेल्या पायट्यांचा, फाटक्या गादीचा आणि मूळ रंगाचा ट्रॅक्टर दिसायला दरिद्री दिसतो खरा, पण त्याची किंमत करता येते. रंगवलेल्याची करता येत नाही.

कागदांचे दोन शब्द. आरसी बुकावरचे इंजिन आणि चासी क्रमांक ट्रॅक्टरवरच्या कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहा. बँकेचा बोजा नोंदलेला असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. २९ व ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घ्या आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नावावर करून घ्यावे. ट्रॉलीचे कागद वेगळे असतात, तेही मागा. विकणाऱ्यांनीही ऐका: नाव बदलले नाही आणि पुढे अपघात झाला, तर नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे.

ट्रॅक्टर पाहायला सकाळी लवकर जा आणि कळवून जाऊ नका. सुरू करायला सांगण्याआधी इंजिनाला हात लावून पाहा. गरम लागले तर तुम्ही येण्यापूर्वीच कोणी तरी चालू करून ठेवले आहे. बरोबर एक बॅटरी आणि जुने फडके असू द्या. पायाखालचा पत्रा पुसल्याशिवाय वाचता येत नाही.