सही जुळत नाही

बँकेत ३४ वर्षे काढली. त्यातला बराच काळ दुसऱ्यांच्या सह्या न्याहाळण्यात गेला. चेकवरची सही आणि कार्डावरची नमुना सही शेजारी शेजारी धरायची, 'र'ची वेलांटी किंवा शेवटचा फराटा वेगळा दिसला की 'सही जुळत नाही' असा शेरा मारून चेक परत. काउंटरपलीकडे एखादे पेन्शनर आजोबा उभे असायचे. म्हणायचे, "साहेब, सही माझीच आहे हो. हात पहिल्यासारखा राहिला नाही." मी म्हणायचो, "कार्डावर आहे तशी करा." ते बिचारे पुन्हा पुन्हा करायचे आणि दर वेळी ती अधिकच वेगळी व्हायची. नियमाने मी चुकत नव्हतो. असो.

२०१९ साली निवृत्त झालो. आता निवांत लिहायचे, एवढाच बेत होता. २०२१ च्या फेब्रुवारीत एका सकाळी सातच्या सुमाराला सौ.च्या हातून चहाचा कप निसटला. उजवा हात जड पडला होता. "हातावर झोपली असशील," म्हणत मी तेल कोमट करून चोळत बसलो. तोंड वाकडे झालेले ध्यानात यायला आणि मग गाडी मिळायला दुपार झाली. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सीटी स्कॅन होईतो ती वेळ टळून गेली होती. वाचकांपैकी कुणाच्या घरी असे अचानक तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि आधी रुग्णालय गाठा.

जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईला साधे 'पाणी' म्हणता येईना. समजायचे सगळे, शब्द तेवढा सापडायचा नाही. याला वाचाघात म्हणतात. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डाव्या बाजूत बोलण्याची जागा दाखवून दिली, ती अशाच एका रोग्यामुळे. 'टॅन' एवढेच त्याला म्हणता येत होते.

भेटायला येणारी मंडळी मोसंबी घेऊन येत आणि जाताना दारात हळूच विचारीत, "वहिनींना पहिल्यासारखं बोलता येईल ना?" त्यांचे काय चुकले? मीही डॉक्टरांना तेच विचारत होतो. डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे मंदावते, पण थांबतेच असे नाही. मी त्यातला 'मंदावते' एवढाच शब्द घरी आणला. जन्माची खोड म्हणून एक वही घातली. रोज काय येत नाही ते लिहायचे. त्या वहीत सगळे नावेच पडत गेले, जमेला काही नाही. आणि वही मिटताना माझा चेहरा ती वाचत होती, हे मला फार उशिरा कळले.

आपल्याकडे आजारी माणसाच्या उशाशी आपण आशा म्हणून जे ठेवतो, ती पुष्कळदा वसुलीची नोटीस असते, असे माझे आता मत झाले आहे. 'पहिल्यासारखी हो' म्हणजे 'आज जशी आहेस तशी चालणार नाहीस'.

एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली, व्यायाम शिकवणारे यायचे थांबले. जूनमध्ये शेजारच्या खोल्यांत नवे भाडेकरू आले. त्यांचा तिसरीतला मुलगा शाळा बंद म्हणून ओट्यावर बसून पाढे घोकायचा. एका संध्याकाळी बारा सत्तेला अडला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला. आणि आमच्या आतल्या खोलीतून स्वच्छ आवाज आला, "चौऱ्याऐंशी."

मी पळत गेलो. चार महिन्यांतला तो पहिला धड शब्द. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना फोन केला, तर त्यांनी माझा आनंद जरा आवरता घ्यायला लावला. अशा रोग्यांना आकडे, स्तोत्रे, पाढे पुष्कळदा येतात. पाठ असलेले ओठांवर येणे निराळे आणि वाक्य जुळवणे निराळे. "पण जे येतंय तिथूनच सुरू करा," असेही त्या म्हणाल्या.

सुरुवात मी केली नाही, त्या पोराने केली. रोज सहाला पाटी घेऊन "आजी" करत यायचा. ती डाव्या हाताने आकडे काढायची, तो तिचे वेडेवाकडे सात पाहून हसायचा, मग तीही हसायची. मी त्याला कधी तिच्या प्रकृतीविषयी विचारताना ऐकले नाही. पूर्वी ती कशी होती हे त्याला ठाऊकच नव्हते. त्याच्याजवळ नमुना सहीचे कार्ड नव्हते.

पुढच्या वर्षी तिच्या पेन्शनच्या खात्याचे काम निघाले. व्हीलचेअरवरून बँकेत घेऊन गेलो. काउंटरवरचा तरुण अधिकारी नम्रपणे म्हणाला, "सर, मॅडमची सही जुळत नाही." माझ्या मानेवर घाम आला. त्याच्यावर रागावणार तरी कोणत्या तोंडाने? रिझर्व्ह बँकेचा नियम मला पाठ होता. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. सत्तरीपुढच्या आणि अपंग, आजारी ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असेही नोव्हेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवले आहे. पुष्कळ कुटुंबांना हे ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहितो. मी हे सगळे ऐकवले. त्याने शाईचे पॅड पुढे केले.

तिने हात मागे घेतला. "स...ही," ती म्हणाली.

नवी नमुना सही द्यायचा फॉर्म मागवला. डाव्या हाताने एकेक अक्षर काढत तीन सह्या करायला तिला वीस मिनिटे लागली. मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी च्यक् केलेही. अधिकाऱ्याने तिन्ही सह्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या, थेट मी पाहायचो तशा, आणि खाली शिक्का मारला.

रिक्षात बसल्यावर तिने माझ्या मनगटावरचे घड्याळ वळवून पाहिले. पावणेसहा झाले होते.

"अहो," ती म्हणाली, "पाढे."

मी रिक्षावाल्याला जरा लवकर घ्यायला सांगितले.