उपवास, पुआसा आणि रोजा

रमजान सुरू झाला की दुकानात, एसटीत, बँकेच्या रांगेत ओळखीचं कुणी ना कुणी विचारतं, ‘काय, आज उपवास का?’ विचारणाऱ्याला ‘रोजा’ हा शब्द ठाऊक असतो, पण जिभेवर आधी ‘उपवास’च येतो. आमच्यातले काही जण लगेच दुरुस्ती करतात, ‘उपवास नाही, रोजा!’ उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते आणि रोजात पाण्याचा घोटही चालत नाही, हा फरक सांगायला हरकत नाही. पण शब्दापुरतं पाहिलं तर ही दुरुस्ती जरा गमतीची आहे. ‘रोजा’ हा शब्द फारसी आहे; अरबीत त्याला ‘सौम’ म्हणतात. आणि दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनचे मुसलमान रोजाला ‘पुआसा’ म्हणतात. हा मलाय भाषेतला शब्द, आणि मलायमध्ये तो आला संस्कृत ‘उपवास’वरून.

हा ‘उपवास’ आफ्रिकेच्या टोकाला पोचला तो गुलामांच्या जहाजांतून. सतराव्या-अठराव्या शतकांत डच ईस्ट इंडिया कंपनीने आजच्या इंडोनेशियाच्या बेटांवरून गुलाम आणि राजकीय कैदी केपला नेले. बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरूनही माणसं विकत नेली. या कैद्यांत तिदोर बेटावरचे इमाम अब्दुल्ला होते. लोक त्यांना ‘तुआन गुरू’ म्हणत. यातला ‘गुरू’ कुठला, ते मराठी वाचकाला सांगायला नको. १७८० मध्ये त्यांना केपला आणलं आणि रॉबेन बेटावर डांबलं. तिथे त्यांनी स्मरणातून कुरआन लिहून काढलं. सुटकेनंतर त्यांनी मदरसा काढला, त्यात गुलामांची मुलं शिकली. १७९४ ची अव्वल मशीद ही दक्षिण आफ्रिकेतली पहिली मशीद मानली जाते आणि तिचे पहिले इमाम तेच. मशिदीची जागा गुलामीतून मुक्त झालेल्या एका कुटुंबाची होती. इस्लाम उघडपणे पाळायची मुभा मिळाली १८०४ मध्ये, म्हणजे त्यानंतर दहा वर्षांनी.

या मदरशांत आधी मलाय चाले. पुढच्या पिढ्यांची बोली बदलली. मालकांची डच भाषा गुलामांच्या, नोकरांच्या तोंडी बदलत गेली आणि तीतूनच आफ्रिकान्स घडत होती. इमामांनी तीच बोली अरबी लिपीत लिहून धर्माचे पाठ द्यायला सुरुवात केली. उस्मानी सुलतानाने पाठवलेले विद्वान अबू बक्र एफेंदी १८६३ मध्ये केपला आले. त्यांनीही इथली बोली शिकून धर्माच्या नियमांचं पुस्तक आफ्रिकान्समध्ये, अरबी लिपीत लिहिलं. ते १८७७ मध्ये इस्तंबूलला छापलं गेलं. आफ्रिकान्समधल्या सुरुवातीच्या पुस्तकांत अशा लिखाणाची गणना होते.

पुढे याच भाषेवर गोऱ्या राष्ट्रवाद्यांनी हक्क सांगितला. १९४८ मध्ये त्यांचं सरकार आलं आणि आफ्रिकान्स वर्णभेदी राजवटीची भाषा झाली. १६ जून १९७६ ला सोवेटोतली शाळकरी मुलं तिच्या सक्तीविरुद्धच रस्त्यावर आली आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. पण ती बोली आधी ज्यांच्या ओठी रुळली, ज्यांच्या मदरशात लिहिली गेली, त्या लोकांना त्याच सरकारने नागरिक म्हणून खालच्या पायरीवर ठेवलं. आजही आफ्रिकान्स बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा इतरच जास्त आहेत.

वर्णभेदी सरकारचं खरं हत्यार होतं नोंदवही. १९५० मध्ये दोन कायदे झाले. एकाने प्रत्येक माणसाचा वंश कागदावर पक्का केला आणि दुसऱ्याने त्या वंशानुसार राहायची जागा ठरवली. ‘केप मलाय’ हा एक पोटवर्ग आणि ‘इंडियन’ हा दुसरा. आता आपल्याकडचा धागा पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी, कुलाबा भागातले कोकणी मुसलमान पोटापाण्यासाठी केपटाउनला गेले. बरेच पुरुष एकटे गेले. काहींनी तिथल्या मुस्लिम घरांत लग्नं केली, मुलाबाळांना दोन्हीकडचे शब्द मिळाले. मशिदीत एका सफेत उभे राहणारे हे लोक सरकारी वहीत मात्र वेगवेगळ्या रकान्यांत गेले. भारतीयांना रायलंड्सची वस्ती नेमून दिली. बोकाप ही जुनी वस्ती १९५७ मध्ये फक्त ‘मलाय’ लोकांसाठी राखली, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना घरं सोडावी लागली. शेजारची डिस्ट्रिक्ट सिक्स १९६६ मध्ये गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि साठ हजारांहून जास्त माणसं हलवून घरं पाडली गेली. तिथल्या मशिदी मात्र उभ्या राहिल्या. दूरच्या वस्त्यांत फेकलेली माणसं नमाजासाठी त्याच मशिदींत येत राहिली.

या रकान्यांना न जुमानणारेही होते. इमाम अब्दुल्ला हारून यांना ‘मलाय’ म्हणून आपल्या वस्तीत सुखाने राहता आलं असतं. ते लांगा या काळ्या लोकांच्या वस्तीत जात राहिले, राजवटीने ज्यांची घरं मोडली त्यांना मदत पोचवत राहिले. मे १९६९ मध्ये त्यांना अटक झाली. १२३ दिवसांच्या कोठडीनंतर २७ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला. ‘जिन्यावरून पडले’ असं पोलिसांनी सांगितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने हा खुलासा खोडून काढला आणि मृत्यूला पोलिसांचा छळ कारणीभूत ठरवला. घरच्यांना हे ऐकायला चौपन्न वर्षं थांबावं लागलं.

आता कायदे बदलले, पण बोकापपुढचं संकट संपलेलं नाही. शहराच्या मधोमध, डोंगराच्या उतारावर, रंगीत घरांची ही वस्ती. पर्यटक दारासमोर फोटो काढतात, जागांचे भाव वाढतात, घरपट्टी वाढते आणि जुन्या कुटुंबांना तिथे राहणं परवडेनासं होतं. २०१८ च्या रमजानमध्ये रहिवासी मोठ्या बांधकामांविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि रस्त्यावरच सगळ्यांनी मिळून रोजा सोडला. २०१९ मध्ये वस्तीतल्या काही जागांना राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. चांगलं झालं. पण वारशाचा दर्जा भिंतींना मिळतो. संध्याकाळी मगरिबच्या आधी लहान मुलं झाकलेल्या ताटल्या घेऊन शेजारी पोचवतात, ती पद्धत टिकायला शेजारीच हवेत. त्या ताटलीत समोसे असतात, बेसनाची भजीही असते.

हे सगळं आपल्या गावात बसून का वाचायचं? कारण रकान्यांची सवय आपल्यालाही आहे. ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ हे कौतुक मराठी मुसलमानाने किती वेळा ऐकलं असेल! म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण घरातल्या माणसाला ‘घरी आलात, बरं वाटलं’ म्हणावं तसं ते लागतं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, त्याला काही शतकं झाली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्याकडेही हल्ली शब्द धुऊन काढायची हौस वाढली आहे. ‘रमजान’ नको ‘रमदान’ म्हणा, ‘खुदा हाफिज’ नको ‘अल्लाह हाफिज’ म्हणा. जणू गावचा शब्द वापरला की ईमान पातळ होतं! केपच्या गुलामांकडे ना सत्ता होती, ना पैसा, ना मायदेशी परतायची वाट. त्यांनी ‘पुआसा’ म्हणतच रोजे धरले, मालकाच्या भाषेतून घडलेल्या बोलीत धर्म शिकवला, आणि सव्वादोनशे वर्षांनंतरही अव्वल मशिदीत अजान होते. परक्या शब्दांनी त्यांचा दीन बुडाला नाही, आणि दीन पाळल्याने ते त्या मातीला परके झाले नाहीत. त्यांना परकं केलं ते सरकारी वहीने.

म्हणून उद्या कुणी विचारलं, ‘आज उपवास का?’ तर दुरुस्ती करायची घाई मी करणार नाही. ‘हो, आहे,’ म्हणेन, ‘संध्याकाळी इफ्तारला या.’ फरक काय तो दस्तरखानावर बसल्यावर बोलता येईल.